अपुल्लोला कोणी समजावलं

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावाने आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शास्त्राभ्यासाच्या गटात त्या मुलाने विचारलं, "देव प्रेमळ आहे तर माझा भाऊ का गेला?" तू त्याला एकामागून एक वचनं काढून दाखवलीस, तो गप्प झाला आणि पुन्हा आलाच नाही. त्यावरून तुला नम्रतेबद्दल चार शब्द ऐकावे लागले आणि ते तुला लागले. "मी खोटं काय बोललो? वचन खरं आहे, मग ते ठामपणे सांगण्यात गर्व कसला?" असं तू विचारतोस. प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढ. मुलं, संपत्ती, आरोग्य, सगळं गमावलेल्या एका सज्जन माणसाची ती कथा. अलीफज, बिल्दद, सोफर हे तिघे मित्र त्याला भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेवढंच. मग ते बोलू लागले: देव न्यायी आहे, तेव्हा तूच काही पाप केलं असणार. गंमत अशी की त्यांची कितीतरी वाक्यं सुटी वाचली तर कुणीही मान डोलवावी. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे करिंथकरांना, लिहिताना 'असा शास्त्रलेख आहे' म्हणून जे वाक्य दिलंय, ज्ञान्यांना देव त्यांच्याच धूर्तपणात धरतो, ते या अलीफजाचं आहे. आणि तरी 42व्या अध्यायात देव अलीफजालाच सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ज्यांनी देवाची वकिली केली त्यांना हा निकाल, आणि जो देवाशी भांडला त्याच्या बाजूने कौल! चूक कुठे झाली? ईयोबावर हे संकट का आलं, हे त्यांना माहीत नव्हतं. पहिल्या अध्यायात स्वर्गात काय घडलं, सैतानाने ईयोबाची परीक्षा कशी मागितली, ते वाचकाला ठाऊक आहे, त्यांना नाही. पण ते बोलले माहीत असल्यासारखे. त्या मुलाचा भाऊ का गेला हे तुला माहीत नाही, मलाही नाही. आधी त्याच्याकडे जा आणि एवढंच सांग. बायबल घरी ठेवून गेलास तरी चालेल.

आता उलट बाजूही लिहिते, कारण तू एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यातला आहेस. "ज्याचं त्याचं सत्य" हे हल्ली नम्रतेचं लक्षण समजतात. मला ते पटत नाही. येशूची चौकशी करणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताने त्याला "सत्य काय आहे?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता तो बाहेर निघून गेला. तिथे दिसतो तो कंटाळा. सत्य सापडण्याजोगं आहे असं मानणाऱ्यालाच आपण चुकू शकतो याची धास्ती असते. ज्याला ते सापडायचंच नाही तो चुकणार तरी कशात? ख्रिस्त वधस्तंभावर मेला आणि उठला, हे मी 'माझ्या मते' म्हणून सांगत नाही, तूही सांगू नकोस. पण पौल स्वतः लिहितो की आपल्याला आता अंशतः कळतं, आरशात अस्पष्ट दिसतं. ही ओळ लिहिणारा माणूस पत्रांमागून पत्रं ठामपणे लिहीत होता, हे विसरू नकोस. त्याच्यात दोन्ही एकत्र नांदत होतं.

तुझ्या पत्रात एक वाक्य मला विशेष खटकलं: "असल्या प्रश्नांना उत्तेजन दिलं तर गट बिघडतो." बाळा, 13व्या शतकात थॉमस अक्वायनसने ख्रिस्ती धर्मशास्त्राचा जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याची मांडणी बघ. प्रत्येक प्रश्नाला आधी आपल्या मताविरुद्धचे आक्षेप, मग स्वतःचं उत्तर, मग प्रत्येक आक्षेपाला वेगळा जबाब. 'देव आहे का?' या प्रश्नाला त्याने दोन आक्षेप दिलेत. दुसरा असा की जगाचा उलगडा निसर्गाने आणि माणसाच्या बुद्धीने होतो, मग देव कशाला हवा? आणि पहिला आक्षेप म्हणजे त्या मुलाचाच प्रश्न: देव असता तर जगात वाईट उरलंच नसतं. आक्षेप घेणाऱ्याला त्याने मूर्ख ठरवलं नाही की त्याचं म्हणणं पातळ करून मांडलं नाही. उलट त्याला पहिली जागा दिली. तू मात्र तो प्रश्न दारातूनच परत पाठवलास.

स्वतःला तपासणं हीसुद्धा मोठी गोष्ट. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन सत्तरी उलटल्यावर, 426-27च्या सुमारास, आपलेच जुने ग्रंथ लिहिले त्या क्रमाने पुन्हा घेऊन बसला आणि कुठे काय चुकलं, कुठे काय वेगळं म्हणायला हवं होतं याच्या नोंदी त्याने केल्या. 93 ग्रंथ! लोक म्हातारपणी आपली कीर्ती जपतात, हा तिच्यातल्या चुका शोधत बसला. पण त्यातच एक नोंद मला बोचते. मुख्य मंडळीपासून फुटलेल्या डोनाटस पंथाच्या लोकांना सरकारी बळाने मंडळीत आणू नये, असं त्याचं आधी मत होतं. नंतर ते बदललं आणि या तपासणीत त्याने आधीचं, सौम्य मतच सुधारायला हवं म्हणून नोंदवलं. माझ्या मते आधीचा ऑगस्टीन बरोबर होता. पुढे शतकानुशतकं धर्मात जबरदस्ती करणाऱ्यांनी त्याचा दाखला दिला. एवढा प्रामाणिक माणूस एकट्याने आत्मपरीक्षण करत चुकीच्या बाजूला सरकू शकतो, तर तुझी-माझी काय कथा? कान धरणारं दुसरं कुणी लागतं.

म्हणून मला पौलाच्या काळातला उपदेशक अपुल्लो आवडतो. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात त्याच्याबद्दल मोजक्याच ओळी आहेत. आलेक्सांद्रियाचा, वक्ता, शास्त्रात पारंगत, आत्म्याने आवेशी. येशूविषयी अचूक शिकवायचा, पण बाप्तिस्मा त्याला फक्त योहानाचा ठाऊक होता, म्हणजे पश्चात्तापाचा; येशूच्या नावाचा नाही. इफिसच्या सभास्थानात त्याचं भाषण प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने ऐकलं. तंबू शिवून पोट भरणारी माणसं. भर सभेत उठून त्यांनी त्याला अडवलं नाही, आणि 'एवढा मोठा विद्वान, आपण काय बोलणार' म्हणून गप्पही बसली नाहीत. त्याला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक अचूक समजावला. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत इथे बायकोचं नाव आधी आहे, म्हणजे बोलण्यात पुढाकार तिचा असावा असा माझा अंदाज. (आईने पत्र लिहायचं तर एवढं म्हणायची मुभा हवी.) ते काय म्हणाले, तो काय म्हणाला, हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने काहीच लिहिलं नाही. पण पुढचं वाच. तो ग्रीसमधल्या अखया प्रांतात गेला (करिंथ तिथलंच) आणि येशू हाच ख्रिस्त आहे हे शास्त्रावरून दाखवत त्याने सर्वांसमक्ष जोरदार वादविवाद केला. शिकून घेतल्याने त्याचा आवाज खाली आला नाही. तुझाही यावा असं मला वाटत नाही. फक्त, तुझ्याहून कमी शिकलेलं असं कोण आहे, ज्याने तुला बाजूला घेऊन 'इथे तुझं चुकतंय' म्हटलं तर तू ऐकून घेशील? नाव आठवत नसेल तर शोधायला लाग.

आणि ऐकून घेणं म्हणजे सगळ्यांच्या हो ला हो नाही. करिंथात 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोचा' असे तट पडले होते. तेव्हा पौलाने अपुल्लोला तिकडे जायची फार विनंती केली, आणि या माणसाने, ज्याने तंबू शिवणाऱ्यांचं ऐकलं होतं, प्रत्यक्ष पौलाला नकार दिला. पौल त्यावर रागावत नाही. करिंथकरांना तो सरळ कळवतो की त्याची आत्ता यायची मुळीच इच्छा नव्हती, सवड मिळेल तेव्हा येईल.

तुझी,
आई