तक्रार: खेळण्यातला बंब टाकायचा कुठे?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बॅटरीवरच्या खेळण्याच्या दुरुस्तीबद्दल आणि विल्हेवाटीबद्दल

महोदय,

नातवाच्या वाढदिवसाला तुमच्या कंपनीचा लाल बंब १,२९९ रुपयांना घेतला. एकविसाव्या दिवशी तो बंद पडला. बदलून द्यायची मुदत संपली होती, हे मला मान्य आहे आणि माझी तक्रार त्याबद्दल नाही.

सायरन वाजत होता, मोटार फिरत होती, चाकं मात्र ढिम्म. उघडायला घेतला तर एकही स्क्रू नाही, दोन्ही बाजू चिकटवलेल्या. शेवटी करवतीच्या पात्याने कापला. आत शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या गिअरचे दोन दात उडाले होते, बाकी सगळं ठणठणीत. गिअर सुटा मिळेल का म्हणून फोन केला, तर उत्तर आलं, ‘सुटे भाग विकत नाही, कोरड्या कचऱ्यात टाका.’

मी २२ वर्षं भोसरीत मोल्डिंग मशिनवर काम केलंय, त्यामुळे हे उत्तर फार लागलं. बंबाचं अंग एबीएस या कडक प्लास्टिकचं आहे. त्याचा दाणा साधारण २३० अंशांवर वितळवून साच्यात दाबतात. चाकं मऊ पीव्हीसीची, तीही लोखंडी दांड्यावर अशी ठोकलेली की निघता निघत नाहीत. दोन्ही एकत्र दळून मशिनला घातलं तर त्या उष्णतेला पीव्हीसी करपतं, आम्लाची वाफ सुटते आणि साचा गंजतो. असला माल कोण घेईल? आमच्या भंगारवाल्याने चाक दाबून पाहिलं, बंब उलटा केला, कुठलं प्लास्टिक ते लिहिलेलं शोधलं आणि काही न सापडल्यावर परत माझ्या हातात दिला. असा माल कचरा डेपोवर जातो. डेपो पेटला की पीव्हीसीचा विषारी धूर शेजारच्या वस्तीतली पोरं घेतात.

खोक्यावर आयएसआय मार्क आहे, फुली मारलेल्या कचरापेटीचं, म्हणजे साध्या कचऱ्यात टाकू नका असं सांगणारं चिन्हही आहे. मग फोनवर कोरडा कचरा कसा सांगता? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत विजेवरची खेळणीही आहेत आणि त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे.

गिअर सुटा विका, जोडाला स्क्रू द्या, प्रत्येक भागावर प्लास्टिकचा प्रकार साच्यातच कोरा. साच्यात चार अक्षरं कोरायला फार खर्च येत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

बंब खोक्यात भरून ठेवलाय. तो कुठे पाठवायचा, ते लेखी कळवा.

आपला,
एक ग्राहक, पुणे