लक्षद्वीप स्कूबा सहल : रविवारी बैठक

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता टिळकवाडीतल्या आपल्या तलावावर बैठक आहे. खानापूर-निपाणीकरांनीही कृपया वेळेत यावे. कोचीपर्यंतचा प्रवास तिथेच ठरवू. पुढे लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाला विमान.

लक्षद्वीपला जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो. आधार कार्डाची प्रत आणि फोटो रविवारीच द्या, एकाचे कागद राहिले की सगळ्यांचे तिकीट अडते.

तब्येतीचे काही लपवू नका. दमा, फिट, हृदयविकार, कानाचे ऑपरेशन असेल तर डॉक्टरांचा दाखला हवाच. सर्दी असताना पाण्यात उतरायचे नाही. मागच्या सहलीत मी हट्टाने उतरलो. दोन-तीन मीटरवरच कानात सुई टोचल्यासारखे झाले आणि वर यावे लागले. नाक चिमटीत धरून हलकेच नाकातल्या नाकात फुंकर मारायची, कान मोकळे होतात. दर थोड्या खोलीला हे करायचे. रविवारी तलावात सराव घेऊ, पोहण्याचे कपडे आणा.

पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका.

शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नाही, म्हणून परतीचा आदला दिवस मोकळा ठेवलाय. तो बदलायचा आग्रह कृपया नको.

प्रवाळाला हात लावू नका, तुकडाही आणू नका.

– सहल समिती