गुहांची वही एकच हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरून वाटा मोकळ्या झाल्या की सिंधुदुर्ग, गोवा आणि बेळगावच्या घाटपट्ट्यात 'अज्ञात गुहेचा शोध' लावल्याच्या चित्रफिती फोनवर फिरू लागतात. ती गुहा गावातल्या गुराख्याला आजोबांपासून माहीत असते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेने तिचा शोध आधीच लावलेला असतो. नकाशा कोणाकडेच नसतो. लांबी पावलांनी मोजलेली असते, तीही आत जाताना, कारण बाहेर येताना मोजण्याचा उत्साह उरत नाही. तोंडाचे ठिकाण मात्र गूगल मॅपवर खुणेसह टाकलेले असते. व्हायला हवे नेमके उलटे : नकाशा सगळ्या संस्थांकडे, ठिकाण मोजक्यांकडे. त्यासाठी या पट्ट्यातल्या गिर्यारोहण आणि निसर्ग संस्थांनी एक नोंदवही, एक मोजपद्धत आणि एक वेळापत्रक ठरवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

गुहा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लेणी येतात. इथे बोलतो आहोत ते पाण्याने, लाटांनी आणि झिजेने केलेल्या पोकळ्यांबद्दल. लोक त्यांना घळ, कपार, विवर किंवा ढोल म्हणतात. मेघालयासारखी चुनखडी आपल्याकडे नाही, त्यामुळे दहा-वीस किलोमीटरचे भुयार सापडण्याची आशा कोणी धरू नये. पण जांभ्याच्या सड्याखाली, म्हणजे सपाट कातळ-पठाराखाली, जे आहे तेही कमी मोलाचे नाही. वरचा जांभा कठीण असतो, त्याखाली पांढरट-पिवळी मऊ माती. पावसाचे पाणी जांभ्याच्या छिद्रांतून खाली उतरते, ती माती हळूहळू धुऊन नेते आणि छप्पर तसेच ठेवून खाली पोकळी करते. सड्याच्या कडेला, पायथ्याच्या वाडीला पाणी देणारा झरा जिथे फुटतो, तिथे अनेकदा या पोकळीचे दुसरे टोक असते. म्हणून सड्यावर चिरेखाण सुरू झाली आणि पोकळीचे छप्पर फुटले, तर झऱ्याचे पाणी गढूळ होते किंवा भलतीकडून वाहू लागते. पोकळी कुठून कुठे जाते याचा कागद हाती नसेल, तर वाडीने तक्रार तरी कशाच्या आधारावर करायची?

कागद असला की काय होऊ शकते, हे आंबोलीत दिसते. हिरण्यकेशी नदी जिथे गुहेतून बाहेर येते, त्या देवळाच्या कुंडातला मासा २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने नवी जात म्हणून नोंदला गेला आणि २०२१ साली राज्य सरकारने तिथले २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ मध्ये ही सोय आहे आणि त्यासाठी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा लागतो. ग्रामपंचायतीपुढे ठेवायला जीवजातींची नोंद, नकाशा आणि सातबाऱ्याचा गट क्रमांक एवढे जमले, तर तीच वाट इतर गुहांनाही मोकळी आहे.

दुसरे उदाहरण सीमेपलीकडचे, एक वेळापत्रक नसले की काय होते त्याचे. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. त्याचे वर्णन १९१३ साली प्रसिद्ध झाले आणि पुढची ऐंशीहून अधिक वर्षे जगात त्याचा हा एकच पत्ता माहीत होता. नंतर ते कंबोडियात आणि मेघालयातही मिळाले. हा भाग २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे, म्हणजे परवानगी कर्नाटक वनखात्याची. गोव्यातला गट तिथे पोचतो चोर्ल्याकडून, सिंधुदुर्गातला तिलारीकडून आणि बेळगावचा खानापूरकडून. प्रत्येकाच्या मते आपली भेट वर्षातून एकदाचीच. वटवाघळांच्या हिशेबात मात्र त्या तीन होतात, आणि पिल्ले अंगाला धरून बसलेल्या माद्यांना तिन्ही वेळा उडावे लागते. घाबरून उडालेल्या मादीचे पिल्लू खाली पडले तर ती ते उचलून नेईलच असे नाही. मुंग्या आणि झुरळे वाट पाहतच असतात.

ठिकाण उघड करण्याचा तोटा वेंगुर्ल्याने पाहिला आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर पाकोळी पक्षी गुहेत लाळेने घरटी चिकटवतात. खाण्याच्या सूपमध्ये घालायला विकण्यासाठी ती घरटी चोरून नेली जात आणि चोरांना त्यासाठी ठिकाणापेक्षा जास्त काही माहीत असायची गरज नव्हती.

संस्था एकत्र आल्या तर काय साधते? शिलाँगची मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशन आणि ब्रिटन, जर्मनी, आयर्लंड, स्वित्झर्लंड अशा देशांतले गुहा-अभ्यासक १९९२ पासून एकत्र मोहिमा काढत आले आहेत. बहुतेक मोहिमा फेब्रुवारीच्या आसपास होतात, कारण पावसाळ्यात त्या भुयारांत नद्या वाहतात. त्यांनी चारशे किलोमीटरहून अधिक मार्ग मोजून नकाशावर आणले. क्रेम लियाट प्राह ही गुहा सुमारे ३१ किलोमीटर भरली. २०१६ साली सापडलेली आणि २०१८ साली मोजून झालेली क्रेम पुरी २४.५ किलोमीटरची निघाली. वालुकाश्मातली एवढी लांब गुहा जगात दुसरी माहीत नाही. हे आकडे एका संस्थेचे नाहीत. एका वर्षी एका गटाने सोडलेले टोक पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने उचलले आणि हे जमले ते पहिल्या गटाची वही दुसऱ्याला वाचता येत होती म्हणून. इंग्लंडमध्ये कंब्रिया, लँकेशायर आणि यॉर्कशायर या तीन परगण्यांखालची भुयारे एकमेकांना जोडलेली असावीत, ही कल्पना १९६८ साली मांडली गेली. ती प्रत्यक्षात आली २०११ साली, वेगवेगळ्या क्लबांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या नकाशांच्या आधारे शेवटचा जोडमार्ग मोकळा झाला तेव्हा. आज ती ऐंशी किलोमीटरहून लांब अशी एकच गुहा-प्रणाली आहे.

आता मोजणीविषयी, कारण घोडे इथेच अडते. चौघांचा गट पुरतो : एक पुढे खूण धरणारा, एक यंत्रे वाचणारा, एक वहीत आकडे आणि चित्र काढणारा आणि एक मोकळा, ज्याने छत, वटवाघळे आणि घड्याळ यांवर लक्ष ठेवायचे. खुणेपासून खुणेपर्यंत तीन आकडे घ्यायचे, म्हणजे अंतर, होकायंत्राचा कोन आणि चढ-उताराचा कोन. शिवाय प्रत्येक खुणेवर डावी भिंत, उजवी भिंत, छत आणि जमीन किती दूर, हे चार आकडे. अंतर दहा सेंटीमीटरपर्यंत आणि कोन एका अंशापर्यंत अचूक असेल, तर तो नकाशा जगातला कोणताही गुहा-अभ्यासक मान्य करतो. वीस मीटरच्या टप्प्यात एक अंश चुकला तर पुढची खूण सुमारे ३५ सेंटीमीटर सरकते. पाच अंश चुकला तर पावणेदोन मीटर, म्हणजे नकाशात भिंतीच्या पलीकडे.

होकायंत्र चुकते कशाने? आपल्याकडे पहिला संशय दगडावर घ्यावा. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते आणि वीज पडलेल्या कातळाजवळ सुई पार बहकते. जांभ्यातल्या लोहावरही फार भरवसा ठेवू नये. म्हणून प्रत्येक टप्पा पुढून आणि मागून असा दोनदा वाचायचा. दोन वाचनांत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा. दोन अंशांहून जास्त तफावत आली तर वाचन पुन्हा घ्यायचे आणि तरीही जुळले नाही तर खूण बदलायची. दुसरा संशय स्वतःवर. डोक्यावरच्या दिव्याची बॅटरी, पोलादी चष्म्याची काडी, घड्याळ, छातीवरचा कॅराबिनर (दोरी अडकवायची धातूची कडी), यांतले काहीही यंत्राच्या वीतभर जवळ आले की आकडा हलतो. लेझर आणि होकायंत्र एकत्र असलेले डिस्टोएक्स वापरणाऱ्यांनी ते आधी जुळवून घ्यावे : १४ दिशा, प्रत्येक दिशेला यंत्र चार बाजूंनी फिरवून, मिळून ५६ वाचने. बॅटरी बदलली की हे पुन्हा करायचे. 'नवे यंत्र आहे, बरोबरच असेल' म्हणून केलेला अख्खा दिवसाचा सर्व्हे फेकून द्यावा लागतो. आकडे जुळवायला सर्व्हेक्स आणि रेखाटनाला थेरिऑन ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. चित्र गुहेतच काढायचे, घरी येऊन आठवणीने नाही. पेन्सिल आणि पाण्यात न फाटणारा कागद न्यावा. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही.

आत जाण्याच्या नियमांत वाद होऊ नयेत, पण होतात. जून ते सप्टेंबर प्रवाहाच्या वाटेत तोंड असलेल्या गुहेत कोणीही जाऊ नये. बाहेर ऊन असले तरी सड्यावर तासाभरापूर्वी पडलेला पाऊस खालून येतो. पिल्ले दिसली तर तिथूनच मागे फिरावे, 'एवढा एक फोटो' नको. वटवाघळे मोजायला आत जाण्याची गरजच नसते. सूर्यास्ताआधी तोंडापासून बाजूला बसून दोघांनी दर पाच मिनिटांची बेरीज लिहायची. दोघांच्या आकड्यांतला फरक म्हणजेच चूक किती असेल याचा अंदाज. प्रत्येकाकडे तीन दिवे हवेत, त्यांतले दोन डोक्यावर लावता येण्याजोगे. मोबाइलचा दिवा यात धरायचा नाही, कारण तो धरायला एक हात लागतो.

परदेशात किंवा मेघालयात वापरलेली दोरी आणि बूट तसेच आणू नयेत. अमेरिकेत २००६ साली पहिल्यांदा लक्षात आलेल्या पांढऱ्या नाकाच्या बुरशीजन्य रोगाने तिथली लाखो वटवाघळे मारली आणि त्या बुरशीचे बीजाणू चिखलासोबत प्रवास करतात. भारतात हा रोग नोंदलेला नाही, म्हणूनच काळजी आत्ता घ्यायची. आधी चिखल पूर्ण धुवायचा, मग ५५ अंश सेल्सियसच्या पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवायचे. चिखलासकट बुडवले तर उष्णता आतपर्यंत पोचत नाही. दोरी आणि हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) यांना ते तापमान चालते का, हे उत्पादकाच्या पत्रकात आधी पाहावे.

हवेविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. लायटर पेटला म्हणजे हवा चांगली, असे नाही. प्राणवायू सुमारे पंधरा टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत विझते. कार्बन डायऑक्साइड त्याआधीच घातक पातळीला पोचलेला असू शकतो. वटवाघळांच्या विष्ठेचा थर असलेल्या, खाली उतरत जाणाऱ्या आणि दुसरे तोंड नसलेल्या पोकळीत हा वायू तळाशी साचतो. धाप लागणे, डोके दुखणे, विनाकारण चिडचिड ही लक्षणे दिसली की सगळ्यांनी बाहेर यावे, एकाला मागे ठेवून नाही. छोटे कार्बन डायऑक्साइड मीटर आता परवडतात. दोन-तीन संस्थांत मिळून एक घेतले तरी चालेल. कोरड्या विष्ठेच्या धुळीत एन-९५ मास्क घालावा. आणि तीन दिवस ते दोन-अडीच आठवड्यांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना 'गुहेत गेलो होतो' हे आवर्जून सांगावे, नाहीतर हिस्टोप्लाझ्मोसिसचा (अशा विष्ठेतल्या बुरशीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचा) विचार कोणाच्या मनातही येत नाही.

अनेक घळींत देव असतो, निदान दिवा तरी. गुरवाला किंवा मानकऱ्याला विचारल्याशिवाय उतरू नये आणि 'चप्पल काढा' म्हटले तर बूट तिथेच ठेवून पुढची मोजणी त्या दिवशी सोडून द्यावी. देवचाराच्या, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या भुताच्या, धाकामुळे कोकणातल्या कित्येक गुहा आजवर शाबूत राहिल्या. तो धाक मोडून काढण्याचे श्रेय गिर्यारोहकांनी घेऊ नये.

नोंदवहीत प्रत्येक गुहेला एक क्रमांक : तालुक्याचे अक्षर आणि पुढे ओळीने आकडा. नावे बदलतात, एका गुहेला दोन गावांची दोन नावे असतात, क्रमांक बदलत नाही. माहितीचे तीन थर असावेत. गाव, खडकाचा प्रकार आणि लांबी सर्वांसाठी उघड. नकाशा सहभागी संस्थांसाठी. तोंडाचे अचूक अक्षांश-रेखांश फक्त तिन्ही भागांतून निवडलेल्या एकेका माणसाकडे आणि वनखात्याकडे; बाहेर द्यायचे झाले तर दशांशानंतर एकच अंक, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरच्या चौकोनापेक्षा जास्त काही कळणार नाही. मूळ वह्यांची छायाचित्रे तीन ठिकाणी ठेवावीत. नकाशावर सर्व्हे करणाऱ्यांची नावे आणि तारीख हवी. श्रेय लिहून ठेवले की निम्मी भांडणे मिटतात.

बचावकार्यासाठी एकत्र येण्याची सवय आपल्या संस्थांना आहेच. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर त्यातूनच उभे राहिले. पण कड्यावरून स्ट्रेचर उतरवणे वेगळे आणि वाकड्या बिळातून काढणे वेगळे. आतली सर्वांत अरुंद जागा किती सेंटीमीटरची आहे, हे नकाशावर लिहिलेले नसेल तर स्ट्रेचर आत न्यायचे की नाही हे ठरवताच येत नाही. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २०१८ साली बारा मुले आणि प्रशिक्षक अडकले, तेव्हा हौशी गुहा-अभ्यासकांनी आधी केलेला नकाशा कामी आला. पाणी उपसण्याच्या सल्ल्यासाठी पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ तिथे गेले होते, हे आपल्याला आठवते. नकाशा कोणाला आठवत नाही.

सुरुवात मोठी नको. येत्या जानेवारीत तिन्ही भागांतून दोन-दोन संस्था, एकूण सहा गुहा, सगळ्या अभयारण्याबाहेरच्या आणि वटवाघळे नसलेल्या. पहिल्या दिवशी गुहेत जायचेच नाही. विजेच्या तारा आणि मोटारी यांपासून दूर मोकळ्या जागी दोन खुंट्या ठोकून सर्वांनी आपापल्या होकायंत्राने तोच एक कोन वाचायचा आणि कोणाचे यंत्र किती अंशांनी चुकते ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे.

आपले,
सिंधुदुर्ग, गोवा आणि बेळगाव भागातील काही गुहा-सर्वेक्षक