लॉन भादरून मागणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल थोडं

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात झाडं कशी लावायची, कुंड्या कशा भरायच्या, खत कधी घालायचं यावर पुष्कळ येतं, पण लॉन कापणाऱ्या माणसाचं म्हणणं छापून आलेलं निदान माझ्या तरी बघण्यात नाही, म्हणून हे पत्र. विषय एकच आहे, गवत किती ठेवायचं. आमच्या धंद्यात पैशावरून जेवढी वादावादी होत नाही तेवढी यावरून होते आणि बहुतेक वेळा ती मशीन चालू झाल्यावर होते हेच खरं दुखणं आहे. आपण दोन पट्टे मारून झालेलो असतो, गिऱ्हाईक बाहेर येतं, कमरेवर हात ठेवून बघतं आणि म्हणतं, "अहो हे काय, कापल्यासारखं वाटतच नाहीये, अजून खाली घ्या, एकदम मिलिटरी कट मारा." आता डोक्याचे केस आणि गवत यात फरक हा की केस कितीही बारीक केले तरी माणूस जेवून खाऊन जगतो, गवताचं मात्र तोंड, पोट, स्वयंपाकघर सगळं त्या वरच्या हिरव्या पातीतच असतं. ती पात कापली की त्याचं अन्न बनणं बंद, मग ते मुळात आणि बुंध्यात साठवलेलं खाऊन नवीन पात काढतं, ती आली की आपण परत मशीन घेऊन हजर. असं किती वेळा चालेल?

गवत कापल्यावर मरत का नाही तर त्याचा वाढीचा कोंब अगदी जमिनीलगत असतो, पात खालून वर सरकत येते, म्हणून वरून कापलं तरी चालतं. पण चालतं म्हणजे किती, यालाही हिशोब आहे. आमच्यात सगळे सांगतात की एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची उडवायची नाही. हा काही माळ्यांनी काम वाढवायला काढलेला नियम नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या क्रायडर नावाच्या शास्त्रज्ञानं १९५५ साली गवतं कापून मुळांवर काय परिणाम होतो ते प्रसिद्ध केलं होतं, त्यात असं दिसलं की अर्ध्याच्या वर पाला काढला की मुळांची वाढ थांबायला लागते आणि ९० टक्के काढला तर ती दोन आठवड्यांच्या वर थांबून राहते. म्हणजे आपण वर कापतो आणि संप खाली होतो, आणि तो संप गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला दिसतं ते पुढं ऊन वाढल्यावर, शेजाऱ्याचं लॉन हिरवं आणि आपलं पिवळं, मग फोन येतो की तुम्ही कुठलं औषध मारलं होतं का.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते हे की गिऱ्हाईक बारीक कापा म्हणतं तेव्हा त्याला बारीक गवत हवंच असतं असं नाही. थोडं बोलतं केलं की दोनातलं एक कारण बाहेर येतं. एक तर त्याला वाटतं बारीक कापलं की जास्त दिवस टिकेल, तुम्हाला कमी वेळा बोलवावं लागेल, पैसे वाचतील. नाहीतर त्याच्या डोळ्यासमोर टीव्हीवरचं गोल्फचं मैदान असतं. या दोघांशी बोलायची पद्धत वेगळी आहे आणि आमच्यातले बरेच जण दोघांनाही एकच मुळं-प्रकाश-अन्न असं शाळेतलं विज्ञान ऐकवत बसतात, ते ऐकून कुणाचंही मत बदलत नाही, उलट त्याला वाटतं हा मला शिकवतोय.

पैसे वाचवणाऱ्याला सरळ आकडे सांगावेत. समजा तुम्हाला गवत एक इंचावर ठेवायचंय, तर एक तृतीयांशाच्या हिशोबानं ते दीड इंच झालं की कापलं पाहिजे, म्हणजे मधे वाढायला जागा फक्त अर्धा इंच. तेच तीन इंचावर ठेवलं तर साडेचार होईपर्यंत थांबता येतं, म्हणजे दीड इंच. वाढीचा वेग तोच धरला तर एक इंचाच्या लॉनला तिप्पट वेळा मशीन लावायला पाहिजे! जिथं तीन दिवसांत अर्धा इंच वाढतं तिथं एकाला दर तीन दिवसांनी जावं लागेल आणि दुसऱ्याला नऊ दिवसांनी. बारीक कापणं स्वस्त पडतं हा समज इथंच संपतो, आणि हे मी तोंडी न सांगता बिलाच्या मागं पेनानं लिहून दाखवतो कारण तोंडी आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. वर पाण्याचं वेगळंच. बारीक गवताची मुळं उथळ, जमीन उघडी, ऊन थेट मातीवर, ओल लवकर उडते, मग रोज पाणी मारत बसा. आणि उघड्या मातीवर ऊन पडलं की तणाचं बी उगवायला मोकळंच, लव्हाळा तर वाटच बघत असतो. तण काढायची मजुरी गिऱ्हाईक कापायच्या खर्चात धरत नाही, पण खिसा तोच असतो ना.

गोल्फवाल्याचं जरा अवघड आहे कारण तो खोटं बोलत नसतो, त्यानं खरंच तसं गवत बघितलेलं असतं. गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या जागेत, गवत साधारण तीन मिलिमीटरवर ठेवतात हे खरं आहे. पण ते गवतच वेगळं, बेंटग्रास नाहीतर बर्म्युडाच्या मुद्दाम बुटक्या जाती, खाली खास वाळूचा थर, कापायला रील मोअर, तो कात्रीसारखा कापतो, आणि जवळजवळ रोज कापतात, वरून वाळू पसरतात, रोलर फिरवतात, पाण्यावर लक्ष ठेवायला माणूस असतो, आणि इतकं सगळं करूनसुद्धा कडक ऊन असलं की तेही उंची थोडी वाढवतात. आपल्याकडे घरोघरी असतो तो रोटरी मोअर, पंख्यासारखा फिरणारा ब्लेड, जमीन वरखाली, तो तीन मिलिमीटर सोडा एक इंचावर आणला तरी उंचवट्यावर माती खरवडतो. मी अशा गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो की साहेब, रोज माणूस पाठवू का? बहुतेक हसतात आणि तिथून बोलणं वळणावर येतं.

किती ठेवायचं हे गवताच्या जातीवर आहे, सगळ्यांना एक माप लावून चालत नाही. साधी हरळी म्हणजे बर्म्युडा असेल तर एक ते दोन इंच, झोयशिया पण साधारण तेवढंच, सेंट ऑगस्टीन किंवा टॉल फेस्क्यू असेल तर तीनच्या आसपास, चारपर्यंत गेलं तरी बिघडत नाही. सावलीत असेल तर अजून थोडं वर. म्हणजे हरळीवाला सव्वा इंच मागत असेल तर त्याला उगाच दोष देऊ नका, तो बरोबर आहे, आणि फेस्क्यूवाला तेच मागत असेल तर पाय रोवून उभं राहा. आमच्यातल्या काही जणांना जातच ओळखू येत नाही आणि सगळीकडे तीन इंच तीन इंच करत फिरतात, तेही चूकच.

आणि एक अपवाद सांगितलाच पाहिजे नाहीतर कुणीतरी व्हिडिओ काढून दाखवेल. हरळीसारखी उन्हाळी गवतं थंडीत सुकून तपकिरी पडतात, ती परत हिरवी व्हायच्या सुमाराला एकदा खाली उतरवून वरचा मेलेला पाला काढून टाकतात, त्यानं जमीन तापते आणि गवत लवकर फुटतं. ते बरोबर आहे. पण ते वर्षातनं एकदा, त्या ठराविक वेळी, आणि त्याच जातींना. ते बघून भर उन्हात फेस्क्यू भादरायला सांगणारे भेटलेत मला.

समजावून सांगण्यात माझा सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला उपाय म्हणजे गिऱ्हाइकाला खाली बसवणं. खरंच खाली, गवतात. बोटांनी गवत बाजूला करायचं आणि दाखवायचं की वरचा भाग हिरवा, त्याच्याखाली फिकट पोपटी, आणि तळाशी नुसत्या वाळक्या काड्यांसारखं तपकिरी, तिथं ऊन पोचतच नाही म्हणून तिथं हिरवं काही नसतंच. मग विचारायचं, तुम्ही म्हणता तिथवर कापलं तर वर काय उरेल? उत्तर ते स्वतःच देतात. एक काका तर स्वतःची पट्टी घेऊन आले मोजायला, इंच इंच करून बघितलं, आणि मग म्हणाले ठीक आहे पण गेटसमोर तरी बारीक करा. केलं गेटसमोर, छोटासा पट्टा, बाकी नीट ठेवलं. पुढच्या फेरीला काहीच न बोलता त्यांनी मला तो पट्टा दाखवला आणि "सगळीकडे एकसारखं करा आता" म्हणाले, म्हणजे उंचच. असा पट्टा द्यायला मी कधी नाही म्हणत नाही, फक्त तो कोपऱ्यात द्यावा आणि तोंडी सांगून नाही तर लिहून द्यावा.

ज्यांना नीटनेटकं दिसायला हवंय त्यांचं समाधान उंची न घटवताही होतं, हे मात्र आम्हा लोकांना कळत नाही. कडा सरळ कापल्या, फरशीवर आलेलं गवत ट्रिमरनं उडवलं, मोअर एकदा इकडून एकदा तिकडून फिरवून पट्टे पाडले, वाटेवरचा कचरा झाडला, की तीन इंचाचं लॉनसुद्धा आत्ता कापल्यासारखं दिसतं. उलट ब्लेड बोथट असेल तर एक इंचाचंही घाण दिसतं, कारण पात कापली जात नाही, फाटते, आणि दोन दिवसांत टोकं पांढरट-तपकिरी होतात. गिऱ्हाईक म्हणतं नीट कापलं नाही, अजून खाली घ्या. अरे खाली घेऊन काय होणार, ब्लेडला धार लावा!

मोअरच्या लिव्हरवरच्या आकड्यांवर पण विश्वास ठेवू नका. तीन नंबर म्हणजे तीन इंच नव्हे, एका मशीनवर तीन म्हणजे दोन इंच, दुसऱ्यावर अजून काही. मशीन बंद करून, प्लगची वायर काढून, सपाट फरशीवर ठेवून ब्लेडच्या टोकापासून फरशीपर्यंत पट्टीनं मोजा, तोच खरा आकडा. मऊ जमिनीत चाकं दबली तर कट त्याहूनही खाली जातो. गिऱ्हाइकाशी बोलताना नंबर नाही, इंच बोला, आणि पहिल्या फेरीच्या आधी कामाच्या कागदावर लिहा: गवताची जात, ठेवायची उंची, किती दिवसांनी. एवढं लिहिलेलं असलं की मशीन चालू असताना कमरेवर हात ठेवून भांडायची वेळच येत नाही.

तरीही अडून बसणारे असतात. त्यांना मी एका झटक्यात खाली नेत नाही, जातीला सोसेल तेवढंच, आणि तेही दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं. त्याहून खाली पाहिजेच असेल तर कागदावर त्यांच्या सांगण्यावरून असं लिहून सही घेतो, आणि भर उन्हाच्या आठवड्यात सही असली तरी नाही म्हणतो. यात गिऱ्हाईक गेलं तर गेलं. कारण पिवळ्या लॉनवर कुणाची सही होती हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसत नाही, कापणारा कोण होता एवढंच दिसतं. यात माझा राग गिऱ्हाइकापेक्षा आमच्यातल्याच त्या लोकांवर आहे जे "हो हो साहेब, करतो की" म्हणून सगळं खरवडून देतात आणि महिन्यानं फोन उचलत नाहीत, मग ते काम निस्तरायला आम्ही.

ज्यांचं लॉन आत्ताच असं भादरलं गेलंय त्यांच्यासाठी जाता जाता. लगेच खताची पोती ओतू नका, आधीच दमलेल्या गवताला जोरात नत्र दिलं की ते उरलेला साठा पण पातीवर खर्च करतं. पाणी द्या, सकाळी, खोलवर मुरेल असं. त्यावर चालणं बंद ठेवा. ते नेहमीच्या उंचीच्या वर जाईपर्यंत मोअर लावू नका, आणि लावाल तेव्हा ब्लेड नेहमीच्या उंचीला, फक्त वरचा शेंडा घ्या. कापलेलं बारीक असेल तर उचलू नका, तिथंच पडू द्या, त्यात बहुतेक पाणीच असतं, पटकन कुजतं आणि नत्र परत जमिनीला मिळतं. तुकड्या-तुकड्यात माती उघडी दिसत असेल तर तेवढ्यात तण हातानं काढत राहा, आणि जिथं बुंधाच खरवडला गेलाय तिथं परत लावणी करावी लागेल, ते आपोआप भरून येईल म्हणून वाट बघू नका.

आपला,
लॉनची कामं घेणारा एक वाचक