आवर्तसारणीचे बाण आणि बोरॉनचा खळगा

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला आवर्तसारणीवरचा लेख वाचला. लेख सोपा आहे, पण सोबतचे चित्र पाहून राहवले नाही. सारणीभोवती बाण काढून खाली लिहिले आहे, ‘डावीकडून उजवीकडे अणू लहान होतो, आयनीभवन ऊर्जा वाढते.’ (आयनीभवन ऊर्जा म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा.) मी बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. हे बाण मुलांना दोन दिवसांत पाठ होतात आणि परीक्षेनंतर तितक्याच लवकर विसरले जातात.

कारण सांगितले तर विसरत नाहीत, आणि ते फार अवघडही नाही. आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, एकेक घर पुढे सरकले की केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच बाहेरच्या कवचात येतो. एका कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसे झाकत नाहीत. म्हणून इलेक्ट्रॉन वाढूनही अणू आक्रसतो. गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, खाली जाताना मात्र दरवेळी नवे कवच सुरू होते आणि अणू मोठा होतो.

बाण जिथे चुकतो, ती जागा मला सर्वांत मोलाची वाटते. वर्गात मी दुसऱ्या आवर्ताची पहिली आयनीभवन ऊर्जा आलेख कागदावर मांडायला देत असे. लिथिअम ५२० किलोज्यूल प्रतिमोल, बेरिलिअम ८९९, आणि पुढचे बोरॉन चक्क ८०१! नायट्रोजन १४०२, तर ऑक्सिजन १३१४. एकदा एका मुलीने बोरॉनचा बिंदू खोडून वर सरकवला. म्हणाली, ‘बाई, पुस्तकात आकडा चुकीचा छापलाय.’ बाणावर तिचा इतका विश्वास होता.

शंका घेतली यात तिचे काहीच चुकले नाही. १८७५ मध्ये गॅलिअम हे मूलद्रव्य सापडले तेव्हा त्याची घनता ४.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर भरली होती. आवर्तसारणी मांडणारे रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी आपल्या सारणीच्या आधारे कळवले की ती ५.९ च्या आसपास हवी. अधिक शुद्ध नमुना घेऊन मोजली, तर ५.९ च आली. पण त्यांनी आकडा खोडला नव्हता, पुन्हा मोजायला लावला होता.

बोरॉनचा आकडा मात्र कितीही वेळा मोजला तरी खालीच राहतो. दुसऱ्या कवचाचे एस आणि पी असे दोन भाग, म्हणजे उपकवचे, असतात; बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन पी उपकवचात जातो. तिथली ऊर्जा एस उपकवचापेक्षा जास्त, म्हणून तो काढायला सोपा. ऑक्सिजनमध्ये पी उपकवचातल्या चौथ्या इलेक्ट्रॉनला आधीच्या एकाशी जागा वाटून घ्यावी लागते, दोघांत प्रतिकर्षण होते आणि एक लवकर सुटतो. हे समजले त्या दिवशी त्या मुलीने बिंदू स्वतःच खाली आणला.

पुढच्या पुरवणीत हा आठ बिंदूंचा आलेख जरूर छापावा. दोन्ही खळगे ठळक दाखवावेत आणि कारण लगेच न देता आठवडाभर मुलांना विचार करू द्यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका