ऐंशीला स्टेअरिंग का थरथरते?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाऊस उघडला की कोकणातल्या टायरच्या दुकानांपुढे चिखलासाठीचे खोल नक्षीचे मोठे मड टायर चढवलेल्या थार, जिम्नी, गुरखा आणि जुन्या जिप्सी दिसू लागतात. तक्रार ठरलेली असते: गावात गाडी ठीक, पण हायवेला सत्तर-ऐंशी गाठली की स्टेअरिंग थरथरते. उपायही ठरलेला, बॅलन्सिंग, म्हणजे रिमवर छोटी वजने लावून चाकाचा तोल सारखा करणे. ते एकदा होते, दोनदा होते, थरथर जात नाही, आणि मग चारही टायर बदलायची भाषा सुरू होते. खरे तर निम्मी कारणे हात, टॉर्च आणि खडू एवढ्यावर सापडतात. फक्त शोध क्रमाने घ्यावा लागतो.

आधी रस्ता तपासावा. राष्ट्रीय महामार्ग ६६ आता बराचसा काँक्रीटचा आहे आणि काँक्रीटला साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, म्हणजे सेकंदाला सुमारे पाच धपके. त्याच वेगाला ३३ इंची टायर सेकंदाला साडेआठ फेऱ्या घेतो. हा फरक हाताला कळतो. कळला नाही तर फोनमधले कंपने मोजणारे अ‍ॅप सांगते. डांबरी तुकड्यावर येताच धपके थांबले तर टायरला बोल लावू नये. मड टायरची घुंईघुंई हीसुद्धा थरथर नव्हे. तो त्या नक्षीचा आवाज आहे, तो राहणारच.

ऐंशीला अ‍ॅपवर सेकंदाला ८-९ कंपनांचा आकडा आला तर दोष चाकात. ३० ते ३५ आला तर प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे गिअरबॉक्सकडून एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याकडे पाहावे, कारण एक्सलचा रेशो चारच्या आसपास असला की चाकाच्या एका फेरीत शाफ्टच्या चार होतात. मोकळ्या सरळ रस्त्यावर ऐंशीला गाडी न्यूट्रल करावी. इंजिन मात्र चालू ठेवावे, नाहीतर स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. न्यूट्रललाही थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच निर्दोष. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क पाहावी. मीटरवरही डोळे झाकून विसंबू नये: थारचा कंपनीचा २५५/६५ आर १८ टायर ३१ इंचांचा असतो, तिथे ३३ इंची चढवला की मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या आसपास असते.

आता कोकणातले नेहमीचे कारण. चिरेखाणीचा रस्ता, पाणंद, भाताच्या खाचराकडेची वाट, कुठूनही गाडी आली की तांबडा चिखल रिमच्या आतल्या पन्हळीत बसतो आणि दोन दिवसांत विटेसारखा वाळतो. वॉशिंगला पाण्याचा फवारा बाहेरून मारतात, रिम चकाचक दिसते, आतला थर तसाच राहतो. मोठ्या लिंबाएवढा, १०० ग्रॅमचा गोळा सोळा इंची रिमच्या आत एका बाजूला चिकटलेला असेल, तर ऐंशीला तो दर फेरीला साडेपाच किलोंचा हिसका देतो. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसला तो जेमतेम दीड किलो असतो, म्हणून गावात काही जाणवत नाही. त्यात टायर जड असल्यामुळे चाक-एक्सलची स्वतःची उसळण्याची लय मंदावते आणि नेमकी हायवेच्या वेगाशी जुळते. कंपनीच्या टायरवर जो गोळा पचून गेला असता तोच इथे स्टेअरिंग हलवतो.

त्यासाठी चाक उतरवावे. नुसता हात घालून भागत नाही, लोखंडी रिमवर तर नाहीच. चिखल लाकडी पट्टीने खरवडावा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडताना चिकटवलेली वजने उडतात आणि नवेच दुखणे सुरू होते. चाक उतरलेच आहे तर हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या तबकडीचा, सपाट भागही पाहावा. खाऱ्या हवेत तिथे गंजाची पापुद्री धरते. साधारण सोळा सेंटिमीटरच्या त्या गोल भागावर एका बाजूला अर्धा मिलिमीटर गंज राहिला, की ३३ इंची टायरच्या कडेला अडीच मिलिमीटर डोल येतो. तारेच्या ब्रशने दोन्ही बाजू घासाव्यात, नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा सोडून समोरचा असे आवळावेत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. एअर गनने एकाच दमात आवळलेले चाक तिरके बसू शकते. बाहेरून घेतलेल्या अलॉयला निमुळत्या तोंडाचे नट लागतात की सपाट, हे विकणाऱ्याला विचारून घ्यावे. रिमचे मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर चाक निव्वळ नटांवर मध्यावर येते, तिथे सेंटरिंग रिंग बसवावी.

रिमच्या काठालगत टायरवर एक बारीक उभारलेली रेघ असते. रिमपासून तिचे अंतर सगळीकडे सारखे दिसले पाहिजे. एका जागी ती आत बुडाली असेल तर टायर रिमवर नीट बसलेलाच नाही. हवा काढून, साबणपाणी लावून पुन्हा बसवावा. नवा टायर बसवल्यावर पहिला दिवस जोरात ब्रेक मारू नयेत. साबण ओला असताना टायर रिमवर सरकतो आणि बॅलन्सिंग वाया जाते. व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची खूण करून ठेवावी, खूण हलली की कळते. वाळूसाठी कमी केलेली हवा परत भरायची राहून जाते, तेही थरथरीचे कारण आहे. (किनाऱ्यावर गाडी नेऊच नये, हे वेगळे सांगायला नको.) पंक्चरचे जेल भरलेल्या टायरमध्ये रात्रभरात जेल तळाशी साचते. सकाळी निघाल्यावर थरथरून थोड्या अंतराने आपोआप शांत होणारी गाडी बहुधा हीच.

आता बॅलन्सिंगबद्दल. बॅलन्सिंगने वजन सारखे होते, टायर गोल होत नाही. म्हणून आधी गोलाई पाहावी. दहा-पंधरा किलोमीटर चालवून टायर गरम करावा, कारण उभ्या गाडीचा टायर तळाशी चपटा होतो. मग चाक जॅकवर उचलावे, शेजारी चिरा ठेवून त्यावर पट्टी टेकवावी, मधल्या ठोकळ्यांजवळ आणावी आणि चाक हाताने फिरवावे. वरखाली किंवा डाव्या-उजव्या अंगाला दीड मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावे. उंचवटा टायरबरोबर सरकला तर दोष टायरचा, जागचा हलला नाही तर रिमचा. मशिनने एका बाजूला दीडशे ग्रॅमच्या वर वजन मागितले तरी हेच करावे. शिशाच्या पट्ट्यांची माळ चिकटवणे हा उपाय नव्हे.

स्टेअरिंग हलत असेल तर पुढची चाके, सीट हलत असेल तर मागची. पुढची-मागची अदलाबदल केल्यावर थरथर स्टेअरिंगवरून सीटखाली गेली की दोषी जोडी सापडली.

एक लक्षण मात्र अजिबात अंगावर काढू नये. वीस-तीसच्या वेगाला गाडी बदकासारखी डुलत असेल आणि टायरवर कुठे फुगवटा लागत असेल, तर आतला पोलादी पट्टा सुटला आहे. तो टायर हायवेला फुटू शकतो. तिथल्या तिथे स्टेपनी लावावी. स्वस्तात मिळालेल्या जुन्या टायरचा बाजूवरचा चार आकडी कोड आधी वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

जिप्सी आणि जिम्नीला पुढे सलग एक्सल आहे. खड्ड्यात चाक आपटल्यावर अख्खे स्टेअरिंग डावी-उजवीकडे झटके मारू लागले, तर स्टेअरिंगच्या दांड्यांचे सांधे (टाय रॉड एंड), चाक ज्यावर वळते ते किंगपिन बेअरिंग आणि रबरी बुश तपासावेत; जिम्नीला पॅनहार्ड रॉडचे, म्हणजे एक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याचे, बुश आधी. नुसता झटके शोषणारा स्टेअरिंग डॅम्पर बदलला तर दुखणे झाकले जाते, इतकेच. सस्पेन्शन बदलून गाडी उंच करून घेतलेली असेल आणि अ‍ॅपवर तीस-पस्तीसचा किंवा त्याच्या दुप्पट आकडा येत असेल, तर शाफ्टच्या टोकांचे सांधे (क्रॉस) आणि शाफ्टचे कोन पाहावेत. क्रॉस बदलताना शाफ्टवर खुणा केल्या नाहीत आणि दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत बसले नाहीत, तर नव्या क्रॉसवरही थरथर येते. गाडी उंच करण्यासारखे बदल करण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि विम्याच्या अटीही पाहाव्यात.

टायर दुकानदारांना दोन विनंत्या. अनेक मशिन पाच ग्रॅमखालचे वजन शून्य दाखवतात. मोठ्या टायरला बारीक मापाचे बटण दाबून आकडा पाहावा. आणि शून्य आल्यावर चाक मशिनवर मध्यावर धरणारा शंकू सैल करून चाक अर्धे फिरवावे, पुन्हा आवळून ग्राहकासमोर एकदा फिरवावे. आकडा दहा ग्रॅमच्या वर गेला तर चाक मशिनवर मध्यावर बसलेलेच नव्हते आणि लावलेली सगळी वजने काढून पुन्हा सुरुवात करावी लागेल. यात पाच मिनिटे जातात.

आपला,
एक वाचक, कुडाळ