तमालपत्र आणि मानकरी

कोल्हापूर, रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘आप्पा, नोबेल लॉरिएटला मराठीत नुसतं विजेता लिहितो, चालंल न्हवं?’ पुण्यात दोन वर्षं काढूनही ‘लिहितो’ म्हणतेस, ऐकून बरं वाटलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून घाईत ‘चालंल’ म्हणालो. पण ते चालत नाही. रात्री शब्दकोश काढून बसलो.

आपल्याकडं विजेता म्हटलं की समोर कुणाची तरी पाठ मातीला लागलेली असते. खासबागेच्या कुस्ती मैदानात दुसरा काही अर्थच नाही त्या शब्दाला. मेरी क्युरीला १९०३ साली नोबेल मिळालं आणि १९११ साली पुन्हा. तिनं कुणाला चितपट केलं होतं? लॉरिएट या शब्दात कुस्तीच नाही. त्यात आहे एक झाड. लॉरेलच्या पानांचा मुकुट ज्याच्या डोक्यावर ठेवला तो लॉरिएट, असा लॅटिनमधला सरळ अर्थ.

हे लॉरेल म्हणजे आपल्या तमालपत्राचं चुलत भावंड. कूळ एक, झाडं वेगळी. ओळखायची खूण सांगतो, धंद्यातली आहे: तमालपत्रावर देठापासून लांब तीन शिरा जातात, लॉरेलच्या पानाला मधे एकच. इकडं चटणीच्या सामानात शंभर ग्रॅम तमालपत्र बांधून बायका डंकावर जातात, आणि तिकडं त्याच्या भावकीतलं पान सेनापतींच्या डोक्यावर. हसू आलं मला.

पानाला तो मान कसा मिळाला, ती ग्रीकांची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. डॅफ्नी नावाची नदीदेवाची मुलगी. अपोलो तिच्या मागं लागला. तिला तो नको होता. ती पळाली, दमली आणि शेवटी बापाला हाक मारली. बापानं तिचं झाड केलं, तेच हे लॉरेल. मग अपोलोनं त्याच झाडाची पानं डोक्यावर घातली, आणि त्याच्या नावानं डेल्फीला खेळ भरायचे तिथं जिंकणाऱ्याला तोच मुकुट मिळू लागला. (ऑलिम्पियात मात्र ऑलिव्हचा असायचा, तिथं गल्लत करू नकोस.) मुलीला कुणी विचारलं नाही. एवढा मोठा देव, पण मला तो आवडला नाही. त्या बापाचा विचार करत मी बराच वेळ जागा होतो.

पुढचं पटपट सांगतो. रोमचे सेनापती विजयाच्या मिरवणुकीत हाच मुकुट घालायचे. १३४१ साली रोममध्ये पेट्रार्क या कवीला तो घातला. इंग्लंडच्या राजानं १६६८ साली ड्रायडनला पोएट लॉरिएट नेमलं, तोवर पानं राहिली नावापुरती.

आपला केसरीसुद्धा असाच आहे. केसर म्हणजे आयाळ, आयाळ असलेला तो केसरी, म्हणजे सिंह. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले तेव्हा तुझ्या आजोबांनी पेठेत पेढे वाटले होते. केशरी फेट्यावरून हा शब्द आलेला नाही. आजोबा मात्र त्यावरूनच आला म्हणून सांगायचे, आणि त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती.

मग लॉरिएटला काय लिहायचं? माझं मत विचारशील तर मानकरी. ‘नोबेलचे मानकरी’ असं पेपरवाले लिहितात, ते योग्यच आहे. मात्र त्यातही एक गोम आहे. जोतिबाच्या सासनकाठीचा मान घराण्याकडं असतो. बापाकडून मुलाकडं येतो, त्यासाठी काही करून दाखवावं लागत नाही. नोबेल तसं वारशानं मिळत नाही. (क्युरीबाईच्या मुलीलाही १९३५ साली मिळालं, पण ते तिच्या स्वतःच्या कामाचं.) म्हणजे मानकरी हा शब्दही थोडा ताणूनच वापरायचा. तरी विजेत्यापेक्षा बरा. टागोर १९१३ चे नोबेल मानकरी, वाचून बघ, कानाला खटकतंय का ते.

चटणीचा डबा उद्याच्या एसटीनं पाठवतोय. यंदा बेडगी जास्त घातलीय, रंगाला भुलून तिखट कमी पडलं म्हणून ओरडू नकोस. आई म्हणते, मागचे तीन रिकामे डबे आधी परत आण.

तुझे,
आप्पा